तिसऱ्या गाळ्यातल्या सात फुल्या

पाचोडच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की ओढ्यावर एक जुना दगडी पूल लागतो. पाच गाळ्यांचा, म्हणजे पाच कमानींचा आहे, निजामाच्या काळातला. शेजारी आता सिमेंटचा नवा पूल झाला आहे आणि गाड्या त्यावरूनच जातात. जुन्या पुलावरून शेळ्या जातात, कधी एखादी मोटारसायकल. त्याच्या तोंडाशी दोन वर्षांपूर्वी एक निळी पाटी लागली. तिच्यावरची शेवटची ओळ अशी आहे: 'तिसऱ्या गाळ्याच्या कमानीत आतल्या बाजूस पूल बांधणाऱ्या पाथरवटांच्या तांबड्या खुणा आजही दिसतात.'

ही ओळ खोटी आहे आणि ती माझी आहे.

त्या खुणा म्हणजे सात फुल्या आहेत. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड रंगवायला आमच्याकडे तांबड्या ऑइलपेंटचा डबा यायचा. त्या डब्यातल्या रंगाने आमच्या रस्ता-मजुरांच्या गँगच्या मुकादमाने त्या मारल्या. दर मे महिन्यात एक, अशी सात वर्षं. प्रत्येक फुलीचा अर्थ एकच होता: इथले दगड सुटलेत, साहेबांना सांगितलं आहे. तो साहेब मी.

मी रस्त्यांच्या खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. छावणीजवळ राहतो. शहरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक बाई महिन्यातून एकदा पंचवीस-तीस माणसं गोळा करून जुन्या जागा दाखवायला नेतात. वेरूळला सगळेच जातात, म्हणून त्या वेरूळ सोडून बाकी सगळीकडे नेतात. जुने पूल, उर्दू आकड्यांचे मैलाचे दगड, गाव वसवणाऱ्या पहिल्या माणसांची शेंदूर लावलेली ठाणी. पाटीसाठी माहिती हवी म्हणून त्यांनीच मला फोन करून त्या तांबड्या खुणांबद्दल विचारलं होतं. मी घाबरलो आणि तोंडात आलं ते सांगितलं. तसं म्हणणंही खरं नाही. ते वाक्य माझ्याजवळ कित्येक वर्षं तयार होतं.

यंदा थंडीत त्यांचा पुन्हा फोन आला.

"काका, या रविवारी आपला पूल करतोय. तुम्ही यायलाच हवं."

"तब्येत बरी नाही हो."

"बसमध्ये पुढची सीट ठेवते तुमच्यासाठी. आणि ऐका ना, या वेळी सगळ्यांना तिसऱ्या गाळ्याखाली उभं करून फोटो काढायचाय. वर त्या खुणा, खाली आपण. मस्त येईल."

मी फोन ठेवला. त्या कमानीतून एक दगड एकदा पडलेला आहे. त्याची जागा नंतर कोणी तरी सिमेंटने भरली, पण आजूबाजूच्या दगडांना हात लागला नाही, कारण कागदावर ते ठीक होते. नवा पूल झाल्यावर तर कोणाला तिकडे बघायचं कारणच उरलं नाही. त्याखाली आता तीस माणसं उभी राहणार होती. मी गेलो नाही तर त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. गेलो तर का अडवतो ते सांगावं लागणार होतं. फोनवरच सांगून टाकावं म्हणून मी दोनदा नंबर लावला आणि दोनदा घंटी वाजायच्या आत बंद केला. 

बसमध्ये माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा, तोंडाला विश्रांती नाही. पहिला थांबा मैलाच्या दगडाचा होता. मला वडिलांनी लहानपणी उर्दू आकडे शिकवले होते, ते मी वाचून दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काका म्हणजे आपलं चालतंबोलतं रेकॉर्ड," ते गृहस्थ म्हणाले. "यांनी सांगितलं की झालं, पुरावा बघायची गरज नाही."

सगळे हसले. मीही हसलो. 

दुसरा थांबा गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर. गाव वसलं त्या दिवशी पहिल्या घराच्या लोकांनी पुरलेला एक दगड तिथे आहे, शेंदराने मढलेला. बाई त्याची माहिती सांगत होत्या आणि गावातल्या दोन-तीन बायका चहा आणि मुरमुऱ्यांचा सुशीला वाढत होत्या. त्यातली एक, पन्नाशीला टेकलेली, माझ्यासमोर ताटली धरून उभी राहिली.

"जय भीम, काका. वळखलं का?"

मी ओळखलं नाही.

"मुकादमाची धाकटी म्या. बाबाचा डबा घेऊन पुलावर यायची न्हाई का? आता अंगणवाडीवर असते इथं."

"बाबा..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"हायेत की. तुमी येनार म्हणल्यावर सकाळधरनं जाऊन बसलेत पुलावर. ऐकू लई कमी येतं, बाकी खुटखुटीत. घ्या, गार होईल."

ती ताटली मी कुठे ठेवली ते आता आठवत नाही. मुकादम गेला असेल असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. चौकशी कधी केली नव्हती. पूल तिथून अर्धा किलोमीटर. सगळे गप्पा मारत चालत निघाले आणि मी सगळ्यांच्या मागे राहिलो. बसमध्ये जाऊन बसावं, छातीत दुखतंय म्हणावं, असं मनात आलं. तसं केलं असतं तर फोटो काढणाऱ्यांना कोणीच थांबवलं नसतं. पाय ओढत चालत राहिलो.

आता ते पस्तीस वर्षांपूर्वीचं सांगतो.

पावसाळ्याआधी प्रत्येक जुन्या पुलाची पाहणी करायची असे. पाहणी म्हणजे गाळ्याखाली उतरून कमानीचे दगड हातोडीने वाजवायचे. चुना धरून असेल तर दगड खणखणीत वाजतो. आतून सुटला असेल तर बद्द. फॉर्मवर एक रकाना होता: 'खाली उतरून वाजवले काय?' त्यात होय लिहून खाली सही.

या भागात बदलून आलो त्या पहिल्याच वर्षी मी या पुलाखाली उतरलो. तिसऱ्या गाळ्यात असताना वरून उसाचा ट्रक गेला. सगळी कमान घुमली आणि माझ्या मानेवर चुन्याचा भुगा पडला. बस्स, एवढंच झालं. पण माझे गुडघे गेले. मी ओढ्याच्या वाळूतून चार पायांवर रांगत बाहेर आलो, पँट ओली झालेली. मुकादमाने ते पाहिलं. माझ्याहून तो पाच-सहा वर्षांनी मोठा. त्याने डोक्याचा पंचा सोडून माझ्या हातात दिला आणि ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला. गँगमध्ये कोणाला एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या वर्षी पुलावर गेल्यावर तोच म्हणाला, "साहेब, तुमी वर बसा कठड्यावर. म्या वाजवतो, तुमी ऐका अन् लिव्हा."

तशी आमची पद्धत पडली. तो खालून ओरडायचा, "पैला, खणखणीत! दुसरा, खणखणीत!" आणि मी वर सावलीत बसून रकाना भरायचो. 'खाली उतरून वाजवले काय? होय.'

त्या वर्षीच तो म्हणाला, "तिसरा, बद्द!" वर येऊन नीट सांगितलं. उजवीकडून चौथा, पाचवा आणि सहावा दगड. मी मान डोलावली. पण बद्द लिहिलं की वरचे साहेब बघायला येणार, आणि म्हणणार, चला, दाखवा कुठला दगड. मग मला खाली जावं लागणार, आणि त्यांच्यासमोर माझे गुडघे पुन्हा जाणार. मी 'सर्व गाळे ठीक' लिहिलं. त्याने खाली जाऊन त्या दगडांपाशी तांबडी फुली मारली. म्हणाला, "खूण ऱ्हाऊ द्या, फुडच्या टायमाला सापडायला." पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. सात वर्षं तो "बद्द" ओरडला आणि सात वर्षं मी "ठीक" लिहिलं. दर वर्षी तो विचारायचा, "लिव्हलं का साहेब?" आणि मी "हो" म्हणायचो.

सातवी फुली मारली त्याच वर्षी पावसाळ्यात गावचा एक माणूस सांगत आला की पुलाखाली चुना गळतोय. आम्ही गेलो. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, पाऊस चालू होता. मी छत्री धरून कठड्यापाशी उभा राहिलो.

"मुकादम, बघून ये जरा. मी वरून ऐकतो."

त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उतरला. हातोडीचे दोन ठोके ऐकू आले. तिसरा आला नाही. काही तरी मोठं पाण्यात पडल्याचा आवाज आला.

इथे मला सगळं लिहायचं आहे, म्हणून हेही लिहितो. मी हाक मारली नाही. वाकून पाहिलं नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती मे महिन्यातला फॉर्म. मी छत्री धरून तसाच उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. तो स्वतःच काठावर चढून आला, डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरून. "तिसरा, बद्द," म्हणाला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत मी लिहून दिलं: 'मुकादम सूचना नसताना स्वतःच्या मर्जीने पुलाखाली गेला. तिसऱ्या गाळ्याबाबत त्याने यापूर्वी तोंडी वा लेखी काहीही कळवलेले नाही.' तो म्हणाला, सात फुल्या मारल्यात, येऊन बघा. ओढ्याला तेव्हा पाणी होतं, पाणी ओसरल्यावर बघू असं ठरलं आणि कोणी गेलं नाही. मला मात्र पुढेमागे कोणी जाईल याची भीती होती. म्हणून मी आणखी एक वाक्य जोडलं: 'कमानीतील तांबड्या खुणा बांधणीच्या वेळच्या पाथरवटांच्या असाव्यात.' मी जमीनजुमल्याच्या घरातला, वर सही करणारा. तो वस्तीतला, रोजंदारीवरचा. कोणाचं धरलं जाणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याला कामावरून कमी केलं. मी बदली मागून घेतली.

पुलापाशी पोचलो तेव्हा तो कठड्यावर बसलेला होता, बरोबर मी बसायचो त्या जागी. अंगावर पांढरी शाल, गुडघ्यांच्या मधे काठी. उजवा हात शालीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

बाई पाटीपाशी उभ्या राहून शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "चला, फोटो! ओढा कोरडा आहे, सावकाश उतरा." पाच-सहा जण तर उतरायलाही लागले. टोपीवाले गृहस्थ सगळ्यांच्या पुढे.

"थांबा!" मी ओरडलो. "खाली साप आहेत."

तीस माणसांच्या जिवाचा प्रश्न होता आणि तेव्हाही माझ्या तोंडून खोटंच आलं.

"काका, थंडीत कुठले साप?" टोपीवाले खालून म्हणाले. "आणि बूट आहेत माझ्या पायात. साप चावला तर सापाचे दात पडतील."

सगळे हसले आणि उतरत राहिले. आमच्याबरोबर आलेली मुलगी मुकादमाच्या कानाशी वाकून ओरडली, "बाबा, साहेब म्हणतेत खाली साप हायेत!"

मुकादम हसला. दात फार उरले नव्हते.

"साप? तिथं साप न्हाई. म्या आठ वर्सं जात व्हतो खाली." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमाला कसं ठावं, साहेब? तुमी कवा गेल्ते?"

टोपीवाले तिसऱ्या गाळ्याच्या तोंडाशी पोचले होते. कॅमेरा वर करून आत निघाले होते. माझ्या कानांत काही तरी घुमायला लागलं, तो ट्रक गेला होता तसंच.

"आत जाऊ नका," मी म्हणालो. "कमान सुटलेली आहे. मला माहीत आहे. मी खोटं लिहिलं होतं."

आवाज फुटत नव्हता. मुलगी माझ्याजवळ आली. रागावलेली दिसत नव्हती. पोरांना अंगणवाडीत सांगतात तसं तिने सांगितलं.

"मोठ्यानं बोला, काका. बाबाला ऐकू जायला पायजे."

तेव्हा मी ओरडून सांगितलं. पुलावर उभं राहून, तीस अनोळखी माणसांसमोर. त्या फुल्या पाथरवटांच्या नाहीत, या माणसाच्या आहेत. याने सात वर्षं सांगितलं, मी ठीक लिहिलं. मी खाली उतरत नव्हतो, मला भीती वाटायची. त्या दिवशी मीच याला खाली पाठवलं आणि चौकशीत नाही म्हणालो. मधेच मुकादम कानामागे हात धरून "काय? काय?" म्हणायचा आणि मला तेच वाक्य पुन्हा ओरडावं लागायचं. 'मीच पाठवलं' हे मी तीनदा ओरडलो.

टोपीवाले गाळ्याच्या तोंडाशी थिजले होते. आधी वर कमानीकडे पाहिलं, मग उलट्या पावलांनी मागे आले. कॅमेरा खाली, टोपी हातात. नंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. बाई माझ्याजवळ आल्या.  "काका, मी आजवर चार वेळा लोकांना आत घेऊन गेलेय," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारून गाळ्याचं तोंड अडवायला बसमधली दोरी मागवली.

मी मुकादमासमोर जाऊन उभा राहिलो.  त्याने शालीतून उजवा हात काढला. अंगठा आणि एक बोट. त्या हाताने त्याने आपली काठी माझ्यापुढे केली. काठीच्या टोकाला लोखंड होतं.

"वाजवा," तो म्हणाला. "आत जाऊ नगा. तोंडापाशी उभं ऱ्हाऊन हात जाईल तितकं. म्या बसतो वर."

मी ओढ्यात उतरलो. चाळीसहून जास्त वर्षांनी. शहात्तर वर्षांचा माणूस, बसत, घसरत, एका हाताने गवत धरत. कमानीच्या सावलीच्या बाहेर उभा राहिलो. आत अंधुक उजेडात सातही फुल्या दिसत होत्या, माझ्या कल्पनेपेक्षा लहान, आणि एकाखाली एक नीट मारलेल्या. माझे गुडघे हलत होते. वर काहीही नव्हतं, ट्रक नव्हता, तरी हलत होते. मी कडेचा पहिला दगड वाजवला. खणखणीत. दुसरा, खणखणीत. तिसरा. चौथ्याला काठी लावली आणि आवाज आतच बसला, भिजलेल्या मडक्यासारखा. थोडा चुना माझ्या पायाशी पडला. मी मागे पळालो. पळताना पडलोही.

"तिसरा!" मी वाळूत बसूनच ओरडलो. "उजवीकडून चौथा! बद्द!"

मुकादमाला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. वर पाहिलं तर त्याने उरलेल्या बोटाचा तो तळवा कठड्याच्या दगडावर सपाट टेकवला होता. तो मान डोलावत होता.

वर आलो तेव्हा मुलीने पिशवीतून अंगणवाडीची वही काढली होती. मागचं कोरं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

"लिहून द्या, काका. तोंडी नको. तोंडीचं काय झालं ते माहितेय आमाला."

मी कठड्यावर वही ठेवून लिहिलं. तिसऱ्या गाळ्यातले दगड सुटलेले आहेत. मुकादमाने हे सात वेळा तोंडी कळवले होते, ते मी नोंदवले नाही. अपघाताच्या दिवशी तो माझ्या सांगण्यावरून खाली गेला. तांबड्या खुणा त्याच्या हातच्या आहेत. खाली सही केली. मुलीने ते पान बापाच्या कानाशी धरून एकेक शब्द ओरडून वाचलं. बाकीचे लोक दोरी बांधत होते, पण त्यांचंही लक्ष इकडेच होतं.  तो मला काही बोलेल, शिवी देईल, माफ करेल, यातलं काहीही झालं असतं तरी मला भीतीच वाटली असती.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "सात न्हाई."

"फुल्या सातच हायेत, बाबा," मुलगी ओरडली.

"आठ येळा कळवलं. आठव्या येळी फुली माराया हात नव्हता."

मी वही परत घेतली. सात खोडून आठ केलं आणि त्याच्याशेजारी पुन्हा सही केली.